स्तन लहान करायच्या ऑपरेशननंतर स्पर्श कळेल का?

चोपडा तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा प्रश्न आहे. वय ३४, दोन मुली, आणखी मूल नको. छातीच्या वजनानं मान-खांदे दुखतात, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडल्यात, आणि एप्रिल लागला की स्तनांखालची कातडी घामानं सोलवटते. दोन सर्जनना दाखवून झालंय. पहिल्यांनी 'उभा टाका' (काळ्या वर्तुळाभोवती आणि तिथून सरळ खाली) सांगितला आणि निपलची जाणीव जाईल असंच धरून चाला म्हणाले. दुसऱ्यांनी 'उलटा टी' (त्याच उभ्या टाक्याला खाली स्तनाच्या घडीत आडवा टाका जोडलेला) सांगितला आणि जाणीव शंभर टक्के राहील म्हणाले. ताईंना विचारायचंय, यातलं खरं कोणतं आणि कोणत्या पद्धतीत स्पर्श शाबूत राहतो. शेवटी एक ओळ आहे: "घरी कोणाला विचारता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारते."

ताई, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते. मी वीसेक वर्षं जळगावात प्लास्टिक सर्जरी करतेय. आमच्याकडचं रोजचं काम म्हणजे भाजलेले रुग्ण, हायवेवरचे अपघात आणि कडबा कुट्टीत गेलेली बोटं. स्तन लहान करायला येणाऱ्या बायका त्यामानानं थोड्या. आल्या तरी सोबत सासू, नणंद, नाहीतर नवरा असतो. मान दुखते, पाठ दुखते, चट्टे उठतात, हे सगळ्यांसमोर बोलून होतं. जाणिवेचं मात्र दारापर्यंत गेल्यावर, चपला घालता घालता विचारलं जातं. बऱ्याच जणी तेही विचारत नाहीत, आणि बरेच सर्जन आपण होऊन सांगत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत मीही सांगत नव्हते. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी एक घोळ सोडवू. तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी तुम्हाला टाक्याचं नाव सांगितलं. टाका कातडीवर दिसतो, फोटोत दिसतो, म्हणून चर्चाही त्याचीच होते. उलट्या टीचा आराखडा रॉबर्ट वाइज यांनी १९५६ साली मांडला, आणि तो ब्राच्या कपड्याच्या कटिंगवरून घेतलेला होता. म्हणजे शिंप्याचंच गणित. उभ्या टाक्याची पद्धत फ्रान्सचे लासू आणि नंतर बेल्जियमच्या लेजूर यांनी रुळवली. पण कातडी कशी कापली आणि कशी शिवली, यावरून निपलला स्पर्श कळेल की नाही हे फारसं ठरत नाही. ते आत ठरतं.

निपल आणि भोवतीचं काळं वर्तुळ वर सरकवायचं असतं तेव्हा आम्ही ते सुटं करत नाही. त्याला आतल्या मांसाचा एक जाडसर देठ जोडलेला ठेवतो. त्यातूनच निपलला रक्त पोचतं आणि त्यातूनच नसा जातात. आमच्या भाषेत त्याला पेडिकल म्हणतात, पण देठ हा शब्द मला जास्त आवडतो, कारण देठ तुटला की काय होतं ते कोणाला वेगळं समजावावं लागत नाही. हा देठ खालच्या बाजूनं ठेवता येतो, वरच्या बाजूनं, छातीच्या मधल्या हाडाकडून किंवा काखेकडून. उभा टाका घालूनही देठ खालचा ठेवता येतो आणि उलटा टी घालूनही वरचा. त्यामुळे 'उभा टाका म्हणजे जाणीव गेली' आणि 'उलटा टी म्हणजे राहिली' ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. दोघांनाही विचारायला हवं होतं की देठ कुठला ठेवणार आणि मांस कुठून काढणार.

आता नसांकडे येऊ. आपल्याकडे रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतात आणि जाणिवेच्या तंतूलाही. मी इथे जाणिवेच्या तंतूबद्दलच बोलतेय. या नसा बरगड्यांच्या फटींतून येतात. निपलसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी महत्त्वाची, त्यातही चौथी सगळ्यात भरवशाची. प्रत्येक नसेच्या दोन फांद्या स्तनात शिरतात. एक काखेच्या बाजूनं, दुसरी मधल्या हाडाच्या कडेनं. गंमत अशी की या दोन फांद्या एकाच खोलीवरून जात नाहीत.

हे समजावताना मी ठिबकचं उदाहरण देते. तुमच्या चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात ज्याच्या घरी केळी आहे त्याला ते एका मिनिटात कळतं. ठिबकची मेन लाईन जमिनीत गाडलेली असते आणि बारीक नळ्या वर, मातीला लागून पसरलेल्या. नांगर खोल घातला तर गाडलेली लाईन फुटते. निंदताना विळा लागला तर वरची नळी कापली जाते. कोणतं अवजार किती खोल चाललं, यावर कोणतं पाणी बंद पडणार ते ठरतं. स्तनात काखेकडून येणारी फांदी गाडलेल्या लाईनसारखी आहे. ती छातीच्या स्नायूवरच्या पडद्यातून तळातळानं जाते आणि मध्यावर आल्यावर सरळ वर वळून निपलच्या पाठीमागून आत शिरते. हाडाकडून येणाऱ्या फांद्या वरच्या नळ्यांसारख्या. त्या कातडीखालच्या चरबीतून, उथळ, काळ्या वर्तुळाच्या आतल्या कडेपर्यंत येतात.

हे उदाहरण माझं, शरीररचना मात्र मोजलेली आहे. व्हिएन्नात श्लेंझ आणि सहकाऱ्यांनी २८ मृतदेहांवर विच्छेदन करून २००० साली ते प्रसिद्ध केलं. काखेकडची फांदी ९३ टक्के वेळा अशी खोलूनच गेलेली सापडली, आणि उरलेल्या ७ टक्क्यांत कातडीखालून. ही ७ टक्क्यांची गोष्ट मी नेहमी लक्षात ठेवते. कोणत्या बाईची नस कोणत्या वाटेनं जाते, हे ऑपरेशनच्या आधी कोणालाही दिसत नाही. शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्या डॉक्टरांबद्दल म्हणूनच मला शंका येते, मग ते कितीही मोठे असोत. त्याच शहरातल्या व्यूरिंगर यांनी १९९८ साली आणखी एक गोष्ट दाखवली. स्तनाच्या आत पाचव्या बरगडीच्या पातळीवर एक आडवा पातळ पडदा असतो, आणि तळातून निपलकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा त्याच्याच आधारानं जातात. पडदा शाबूत ठेवला तर गाडलेली लाईन बऱ्यापैकी शाबूत राहते.

एवढं कळलं की पद्धतींची नावं पाठ करायची गरज उरत नाही. पण तुम्ही विचारलंय, म्हणून एकेक सांगते.

देठ वरचा ठेवला तर मांस काढलं जातं ते खालून आणि तळातून. स्तनाचा आकार सुंदर येतो, वरचा भाग भरीव राहतो, टाकाही छोटा राहतो. पण तळातून मांस काढताना नांगर खोल चालतो, आणि काखेकडची खोल फांदी तुटण्याची शक्यता वाढते. श्लेंझ यांच्याच गटानं २००५ साली पाच पद्धतींची तुलना केली. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर वर्षभर, ठरावीक जाडीच्या नायलॉनच्या धाग्यांनी टोचून जाणीव मोजली. निपलची जाणीव सगळ्यात जास्त घटली ती वरचा देठ ठेवलेल्या बायकांत. याचं कारण म्हणून त्यांनी तळातून मांस काढण्याकडेच बोट दाखवलं. तुमच्या पहिल्या डॉक्टरांच्या डोक्यात बहुधा हीच पद्धत असावी. त्यांनी तुम्हाला घाबरवलं खरं, पण खोटं सांगितलं नाही.

देठ खालचा ठेवण्याची पद्धत १९७०च्या दशकात रुळली. जगात वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त हीच केली गेली आणि आपल्याकडे शिकवली जाते तीही बहुतेक हीच. यात तळ आणि मध्य राहतो, मांस वरून आणि दोन्ही बाजूंनी काढतात. खोल लाईन वाचते. हाडाकडच्या उथळ नळ्या मात्र बऱ्याचदा कापल्या जातात. तरी निपलला जाणीव राहण्याच्या दृष्टीनं ही भरवशाची पद्धत. यातही एक अट आहेच. सर्जननं देठ पातळ करून टाकला किंवा काखेच्या बाजूनं तळापर्यंत साफ केला, तर नाव खालच्या देठाचं राहतं आणि नस जाते. शिवाय काही वर्षांनी स्तनाचा खालचा भाग लोंबतो आणि निपल वर बघायला लागतं. जड स्तनांत हे मी बरंच पाहिलंय.

देठ हाडाकडचा, म्हणजे आतला किंवा आतला-वरचा ठेवला तर उथळ फांद्या देठातच राहतात. कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी १९९९ साली उभ्या टाक्याबरोबर आतला देठ वापरायची पद्धत मांडली. तेव्हा जुन्या सर्जनना वाटलं होतं की चौथ्या नसेची खोल फांदी सोडून दिली तर निपल बधिर होणार. तसं झालं नाही. हाडाकडच्या फांद्यांनी काम निभावलं. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली की निपलला पाणी दोन्ही बाजूंनी येतं, आणि एक बाजू नीट राखली तर बहुतेकींचं चालून जातं. दोन्ही बाजू एकाच ऑपरेशनमध्ये मारल्या तर मात्र कठीण.

काखेकडचा देठ स्वीडनच्या स्कूग यांच्या नावानं ओळखला जातो, १९६३पासून. नसेच्या हिशेबानं उत्तम, पण जाडी काखेकडेच जास्त असते आणि नेमकी तीच शिल्लक राहते, म्हणून मी तो क्वचित वापरते. स्ट्रॉम्बेक, मॅककिसॉक यांच्या दुहेरी देठांच्या पद्धती आता मागे पडल्यात. नुसत्या लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं चरबी ओढून, स्तन लहान केले तर जाणिवेला धोका सगळ्यात कमी. पण ते ज्यांच्या स्तनात दुधाच्या ग्रंथींचं मांस कमी आणि चरबी जास्त आहे त्यांनाच लागू, आणि निपल त्यानं फारसं वर येत नाही. दोन बाळंतपणांनंतर ओघळलेल्या स्तनांना त्याचा उपयोग थोडाच.

राहिली शेवटची पद्धत. निपल पूर्ण सुटं काढून, पातळ कातडीसारखं नव्या जागी चिकटवायचं. शिकागोचे थॉरेक १९२२पासून हे करत होते. देठच नाही म्हटल्यावर नसा तुटणारच, दूध तर कायमचं बंद. पुढे वर्षभरात खालच्या मांसातून थोडी जाडीभरडी जाणीव परत येते, दाब कळतो, पण पूर्वीची नाही. आपल्या सावळ्या कातडीत आणखी एक त्रास आहे, तो परदेशी पुस्तकांत फोटोंवरून लक्षात येत नाही. वर्तुळाचा रंग जागोजागी जातो आणि पांढरट डाग राहतात. कोडाचे डाग समजून घाबरून आलेल्या बायका मी पाहिल्यात. तरीही ही पद्धत वाईट नाही. स्तन फारच मोठे आणि लांबलेले असतील, देठ इतका लांब करावा लागेल की टोकापर्यंत रक्तच पोचणार नाही, किंवा साखर ताब्यात नसेल, तर निपल काळं पडून गळून जाण्यापेक्षा हे बरं. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला याची गरज पडेल असं वाटत नाही, पण ते मोजपट्टी लावूनच ठरेल. गळ्याच्या खाचेपासून निपलपर्यंतचं अंतर किती आहे, ते तुमच्या कागदावर लिहिलंय का बघा. नसेल तर त्या कागदाला तपासणी म्हणता येत नाही.

आता मी पुढे सांगते म्हटलं होतं त्याबद्दल.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी एका बाईंचं ऑपरेशन केलं होतं. देठ वरचा, तळातून भरपूर मांस काढलेलं. जखम छान भरली, आकार नेमका आला, आधीचा-नंतरचा फोटो मी शिकाऊ डॉक्टरांना कौतुकानं दाखवायचे. दीड-दोन वर्षांनी त्याच बाई लेकीच्या भाजलेल्या हाताची पट्टी बदलायला आल्या. पट्टी झाली, लेक बाहेर गेली आणि त्या हळूच म्हणाल्या, "आठे हात लावा ते काहीच समजस नही, मॅडम." म्हणजे इथे हात लावला तर काहीच कळत नाही. आणि हसल्या, जणू त्यांचीच चूक. मी त्यांची पाठ विचारली होती, मान विचारली होती, टाके विचारले होते. हे कधी विचारलं नव्हतं, आणि ऑपरेशनच्या आधी मोजलंही नव्हतं. त्यामुळे काय गेलं आणि काय आधीच नव्हतं, हे मला त्यांना सांगताही येईना. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर जाणिवेचा रकाना आहे.

आधीच नव्हतं, हे मी उगाच लिहिलं नाही. फार मोठ्या स्तनांत निपलची जाणीव बऱ्याचदा मुळातच कमी असते. कॉर्टिस आणि गोल्डविन यांनी १९७६ सालीच हे मोजून दाखवलं होतं. वजनानं नसा वर्षानुवर्षं ताणलेल्या असतात आणि कातडी पसरलेली असते, म्हणून तेवढ्याच नसांना जास्त जागा सांभाळावी लागते. त्यामुळे काही बायकांना ऑपरेशननंतर पूर्वीपेक्षा जास्त जाणीव येते. मी त्याचं आश्वासन देत नाही, पण तीन-चार महिन्यांनी "आता जास्तच कळतंय" असं सांगणाऱ्या बायका असतात, आणि त्यांना ते खरं वाटत नाही. मात्र तुमची आजची जाणीव चांगली असेल तर गमावण्यासारखं तुमच्याकडे जास्त आहे. म्हणून आधी मोजा. घरीच करा. डोळे मिटा, कापसाचा पातळ धागा निपलवर, वर्तुळावर, वरच्या भागावर, खालच्या भागावर आणि काखेकडे लावून बघा. मग थंड चमचा. मग टाचणीचं टोक आणि डोकं आलटून पालटून, अर्थात हलक्या हातानं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या निघाल्या तर दचकू नका, बहुतेकींच्या निघतात. वहीत तारीख घालून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात नायलॉनच्या धाग्यांनी हेच नीट मोजता येतं.

ऑपरेशननंतर काय होतं? पहिले दोन-तीन आठवडे सगळं लाकडासारखं. घाबरू नका, कापलेल्या नसा सोडा, नुसत्या ताणलेल्या आणि सुजलेल्या नसाही त्या वेळी गप्प असतात. नंतर मुंग्या येतात, अचानक करंट बसल्यासारखं होतं, खाज सुटते आणि खाजवलं तरी कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काही जणींना निपलवर ब्लाउजचं कापड घासलेलंही सहन होत नाही. हा वैतागाचा काळ असला तरी तो चांगल्या दिशेनं जातोय. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. हाताच्या जखमांत हे आम्ही रोज बघतो. मनगटाजवळ शिवलेल्या नसेवर टिचकी मारली की कुठपर्यंत मुंग्या येतात, त्यावरून ती कुठपर्यंत पोचली ते कळतं. स्तनातलं अंतर दहा-बारा सेंटिमीटर धरलं तर चार महिने त्यातच जातात, आणि टोकाला पोचल्यावर बसायलाही वेळ लागतो. म्हणून मी सहा महिन्यांच्या आत कोणालाही गेली किंवा आली असं सांगत नाही. वर्षानं सांगते. वर्षानंतरही थोडीफार सुधारणा होते, पण जे वर्षभरात अजिबात आलं नाही ते पूर्ण येण्याची आशा थोडी.

अति संवेदना झाली तर त्या जागेला हात लावायचं टाळू नका. बायका उलट करतात, तिथे काही लागू देत नाहीत, आणि त्रास वाढतो. आधी मऊ मलमल, मग कापूस, मग जुना सुती टॉवेल, असं दिवसातून तीन-चारदा पाच मिनिटं फिरवा. मेंदूला तो स्पर्श पुन्हा ओळखायला शिकवावा लागतो. आग किंवा ठणका रात्री झोपू देत नसेल तर नसांच्या दुखण्यासाठी गोळ्या आहेत, डॉक्टरांना सांगा.

परत न येणारी जागा बहुधा निपलची नसते. उभा आणि आडवा टाका जिथे मिळतात तो खालचा भाग अनेकींना कायमचा थोडा बधिर राहतो. वरच्या भागाची कातडी गळ्यावरून खाली येणाऱ्या नसांवर जगते, तिला फारसा धक्का लागत नाही. काखेकडे खूप आत जाऊन चरबी काढली तर दंडाची आतली बाजू बधिर होऊ शकते. स्लीव्हलेस घालणाऱ्या मुलींचा काखेकडची चरबी काढायचा फार आग्रह असतो, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

आता एक धोका सांगते, जो मला भाजलेल्यांच्या वॉर्डात काम केल्यामुळे जास्त जाणवतो. बधिर कातडी चटका ओळखत नाही. ऑपरेशननंतर आई नाहीतर सासू मायेनं शेक द्यायला बसते: गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं, शेगडी. एरवी आपण "पोळलं" म्हणून मागे सरतो, इथे सरणार नाही आणि फोड येईल. शेक अजिबात नको, निदान जाणीव परत येईपर्यंत. दुसरी जागा चुलीची. आपल्याकडे आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खापरावर मांडे करताना वाकून किती जवळ जातो ते तुम्हाला माहीत आहे. पहिलं वर्ष मांडे दुसऱ्या कोणाला करू द्या. तुम्ही पुरण वाटा.

मिसरीबद्दलही बोलायला हवं. शिकलेल्या बायका हा विषय काढला की रागावतात, "आम्ही नाही लावत." काही लावतात. सकाळी दातांना मिसरी म्हणजे तंबाखूच, निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. देठाच्या टोकाला रक्त कमी पडलं की निपलची कातडी मरते, आणि कातडीच नाही तर जाणीव कशात येणार? ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. मी विचारताना "लावता का" असं विचारत नाही, "दिवसातून किती वेळा" असं विचारते. उत्तर खरं येतं.

तुम्हाला मूल नकोय, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला हवं असेल म्हणून थोडक्यात. बाळ ओढतं तेव्हा निपलच्या जाणिवेचा निरोप मेंदूला जातो आणि त्यावर दूध उतरतं. म्हणजे जाणीव आणि दूध जोडलेले आहेत. निपलखालच्या दुधाच्या नळ्या देठात ठेवणाऱ्या पद्धतींत बऱ्याच बायका पाजू शकतात, काहींना वरचं दूध द्यावं लागतं. शक्य असेल तर बाळंतपणं उरकून ऑपरेशन करावं. गरोदरपणात स्तन पुन्हा वाढतात ते वेगळंच.

आणि ज्यासाठी हा प्रश्न दारात विचारला जातो, ते. स्पर्श कळणं आणि तो सुखाचा वाटणं या दोन गोष्टी आहेत. कापूस कळतो पण पूर्वीचं सुख नाही, असं सांगणाऱ्या बायका असतात. कापूस नीट कळत नसूनही नवऱ्यासमोर पहिल्यांदा कपडे काढायची लाज गेली म्हणून सुखी असलेल्याही असतात. थंडीनं किंवा स्पर्शानं निपल ताठ होणं हेही वेगळं, ते तिथल्या बारीक स्नायूंचं काम आहे आणि जाणीव कमी असतानाही राहू शकतं. तुमच्या आयुष्यात या सुखाला किती वजन आहे, हे तुमच्या सर्जनला कळलं पाहिजे. कळलं तर तो देठाचा निर्णय त्याप्रमाणे घेईल. नाही कळलं तर तो आकाराला प्राधान्य देईल, कारण फोटोत आकार दिसतो. नवऱ्यालाही आधी सांगा की पहिले सहा महिने हा भाग झोपलेला असेल. मग न कळण्याचा अर्थ तो स्वतःवर ओढून घेत नाही.

तुमच्यासाठी मी काय करेन? तपासल्याशिवाय हे पक्कं नाही, पण प्रत्येक बाजूनं पाचशे-सातशे ग्रॅमपर्यंत काढायचं असेल, साखर नसेल आणि अंतर फार लांब नसेल, तर मी आतला-वरचा देठ ठेवेन, स्नायूवरच्या पडद्याला चिकटून मांसाचा एक थर सोडेन आणि काखेकडच्या तळाला हात लावताना हात आखडता घेईन. टाका उभा की उलटा टी, हे कातडी किती जास्तीची आहे त्यावर टेबलावर ठरेल. त्यापेक्षा खूप जास्त काढायचं असेल तर खालचा देठ. पण माझ्यापेक्षा तुमच्या सर्जनच्या हाताला जी पद्धत बसलेली आहे, तिला जास्त किंमत द्या. रोज खालचा देठ करणाऱ्यानं तुमच्या आग्रहाखातर पहिल्यांदा आतला देठ करू नये. दोघांकडे पुन्हा जा आणि विचारा: देठ कुठला, तळातून किती काढणार, आणि तुमच्या स्वतःच्या रुग्णांपैकी वर्षानंतर किती जणींना निपलची जाणीव नव्हती. तिसऱ्या प्रश्नावर जो "असं कधी होतच नाही" म्हणेल, त्याच्याकडे करू नका. जो थोडा थांबून, आठवून उत्तर देईल, त्याच्याकडे करा.

शाळेच्या सुट्टीचा विचार करून तुम्ही मे महिना धरला असेल, शिक्षिका बहुतेक तोच धरतात. सहा आठवडे दिवस-रात्र घट्ट सपोर्ट ब्रा घालायची आहे, आणि आपल्या जळगाव-भुसावळचा मे पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. घामानं टाक्यांखाली पुन्हा तेच चट्टे उठतील, आणि बधिर कातडीमुळे ते तुम्हाला कळणारही नाहीत. दिवाळीच्या सुट्टीला वैद्यकीय रजा जोडून घ्या. तोपर्यंत वहीत दर महिन्याला कापसाची नोंद करत राहा. आणि पुढच्या वेळी दाखवायला जाल तेव्हा सोबत सासूबाई असतील, तर हा विषय निघायच्या आधी त्यांना खाली चहाला पाठवायचं काम तिथल्या सिस्टरांना सांगा. आमच्या सिस्टर ते न सांगता करतात.